जमिनीवर शब्द कुणाचा? फ्लोरिडाचे सेमिनोल आणि ब्राझीलचे किलोम्बोला

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, मायामीच्या जरा उत्तरेला, हॉलिवूड नावाचं शहर आहे. सिनेमावाल्या हॉलिवूडशी त्याचा संबंध नाही. तिथे २०१९ मध्ये गिटारच्या आकाराचं एक हॉटेल सुरू झालं. उंची ४५० फूट, सहाशेहून जास्त खोल्या, शेजारी भलामोठा कॅसिनो. हे हॉटेल सेमिनोल या आदिवासी जमातीच्या मालकीचं आहे. जगभर ‘हार्ड रॉक’ नावाने जी हॉटेलं आणि कॅफे दिसतात, ती कंपनीसुद्धा याच जमातीने २००७ मध्ये ९६.५ कोटी डॉलर मोजून विकत घेतली. आणि ही जमात केवढी? फ्लोरिडात नोंद असलेले सेमिनोल जेमतेम चार-पाच हजार.

आता नकाशावर खाली या. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर, मारान्यांव राज्यात, अल्कांतारा नावाचं नगर आणि त्याभोवतीची गावं आहेत. २०२२ च्या जनगणनेत इथली सुमारे ८५ टक्के वस्ती किलोम्बोला निघाली. किलोम्बोला म्हणजे गुलामगिरीतून पळून जाऊन, किंवा मळेवाले मालक निघून गेल्यावर तिथेच राहून, ज्यांनी आपली गावं उभी केली त्या आफ्रिकी लोकांचे वंशज. १९८० च्या दशकात सरकारने इथे रॉकेट सोडण्याचा तळ उभारला आणि ३१२ कुटुंबांना समुद्रकाठावरून उठवून आत नेऊन बसवलं.

दोन्ही जागा मोक्याच्या. हॉलिवूडच्या आसपास लाखो माणसं राहतात आणि पर्यटकांचा लोंढा कधी थांबत नाही. अल्कांतारा विषुववृत्तापासून अवघ्या दोन-अडीच अंशांवर आहे, त्यामुळे तिथून उडणाऱ्या रॉकेटला पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा मिळतो आणि इंधन वाचतं. एका ठिकाणी मोक्याच्या जागेने तिथल्या लोकांना श्रीमंत केलं, दुसऱ्या ठिकाणी त्याच मोक्यापायी लोकांना घर सोडावं लागलं. असं का झालं, हे समजून घ्यायचा हा प्रयत्न आहे. ‘सेमिनोल कॅसिनोमुळे श्रीमंत झाले’ हे उत्तर अर्धवट आहे. कॅसिनो काढायची परवानगी त्यांना कुणी दिली, किंवा त्यांना ती मागावीच का लागली नाही, तिथे खरी मेख आहे.

पळून जाऊन वसवलेली गावं

हे दोन समाज इतिहासात एकमेकांच्या फार जवळ आहेत. अठराव्या शतकात फ्लोरिडा बराच काळ स्पेनकडे होता. उत्तरेकडच्या इंग्रज वसाहतींतून, म्हणजे आजच्या जॉर्जिया आणि कॅरोलायनातून, मळ्यांवरचे गुलाम दक्षिणेला पळत आणि स्पॅनिश राजवट त्यांना आसरा देई. १७३८ मध्ये सेंट ऑगस्टीनजवळ फोर्ट मोसे नावाची मुक्त कृष्णवर्णीयांची वस्तीच वसली. त्याच शतकात क्रीक आणि त्यांच्या नात्यातल्या जमातींचे गट उत्तरेकडून फ्लोरिडात सरकत होते. त्यांतून सेमिनोल नावाचा समाज घडला. पळून आलेले कृष्णवर्णीय त्यांच्या शेजारी स्वतःची गावं करून राहिले. पिकाचा काही वाटा ते सेमिनोल प्रमुखांना देत, पण हत्यारं त्यांच्याच हातात असत, आणि वेळ आली की ते सेमिनोलांच्या बरोबरीने लढत. त्यांना आज ब्लॅक सेमिनोल म्हणतात.

ब्राझीलमध्ये हेच कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडलं. गुलामांच्या व्यापारात जवळजवळ ४८ लाख आफ्रिकी माणसं तिथल्या बंदरांवर उतरवली गेली. दोन्ही अमेरिका खंडांत इतकी दुसऱ्या कुठल्याच देशात नाही. पळालेल्यांच्या वस्त्यांना किलोम्बो म्हणत. त्यांतलं सर्वांत गाजलेलं पाल्मारेस, आजच्या आलागोआस राज्याच्या डोंगराळ भागातलं. तिथे हजारो लोक राहत होते आणि डच व पोर्तुगीज फौजांना ते कित्येक दशकं पुरून उरले. त्यांचा नेता झुंबी २० नोव्हेंबर १६९५ रोजी मारला गेला. २०२४ पासून हा दिवस ब्राझीलमध्ये राष्ट्रीय सुट्टीचा आहे.

सेमिनोलांशी अमेरिकेने तीन युद्धं केली: १८१७–१८, १८३५–४२ आणि १८५५–५८. दुसरं युद्ध सर्वांत भयंकर होतं. त्यात अमेरिकेचे सुमारे दीड हजार सैनिक गेले. ओसिओला हा सेमिनोलांचा गाजलेला लढवय्या १८३७ मध्ये पांढऱ्या निशाणाखाली बोलणी करायला आला असताना पकडला गेला आणि तीन-चार महिन्यांत कैदेतच वारला. हजारो सेमिनोलांना आणि ब्लॅक सेमिनोलांना पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात, हाकलण्यात आलं. १८५८ मध्ये लढाई थांबली तेव्हा फ्लोरिडाच्या दलदलीत दोन-तीनशे सेमिनोल उरले होते. आजची श्रीमंत जमात मुख्यत्वे या मूठभरांपासून वाढलेली आहे.

पुढची शंभर वर्षं त्यांनी हलाखीत काढली. सायप्रसच्या लाकडाचे खांब आणि वर पाल्मेटोच्या पानांचं छप्पर, भिंती नाहीत, अशा चिकी नावाच्या उघड्या घरांत ते राहत. मगरीच्या जातीतल्या अ‍ॅलिगेटरची कातडी, पाणमांजराची फर, बगळ्यांची पिसं विकून पीठ-मीठ आणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दलदल उपसायला कालवे खणले गेले आणि ही शिकारही आटली. मग पर्यटकांसमोर अ‍ॅलिगेटरशी कुस्ती, हाताने फिरवायच्या शिलाई यंत्रावर शिवलेले रंगीबेरंगी पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, पाल्मेटोच्या धाग्यांच्या बाहुल्या यांवर गुजराण झाली. १९३६ मध्ये ॲरिझोनातल्या दुष्काळग्रस्त अपाची भागातून काही गुरं ब्रायटन या राखीव प्रदेशात आणली गेली आणि सेमिनोल पुन्हा पशुपालक झाले. गुरं राखणं त्यांना नवीन नव्हतं. त्यांचे पूर्वज स्पॅनिश काळातही कळप बाळगत. आजही ही जमात अमेरिकेतल्या मोठ्या गोपालकांत गणली जाते, हे कॅसिनोच्या झगमगाटात कुणी सांगत नाही.

बिंगोचा खटला

अमेरिकन कायद्यात आदिवासी जमातींना एक वेगळंच स्थान आहे. १८३१ मध्ये चेरोकी जमातीच्या खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी जमातींना देशाच्या आतली, देशावर अवलंबून असलेली राष्ट्रं म्हटलं. वर्णनात पालकत्वाचा सूर आहेच, पण राष्ट्र हा दर्जाही आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की जमातीच्या राखीव प्रदेशावर केंद्राचा कायदा चालतो, जमातीचा स्वतःचा कायदा चालतो, पण ज्या राज्यात तो प्रदेश आहे त्या राज्याचा कायदा आपोआप लागू होत नाही. केंद्रीय संसदेने तसं ठरवलं तरच तो लागू होतो.

हा दर्जा सेमिनोलांच्या हातून थोडक्यात निसटला असता. १९५३ मध्ये अमेरिकन संसदेने ठरवलं की काही जमातींशी असलेलं केंद्राचं खास नातं संपवून त्यांच्या लोकांना इतर नागरिकांसारखंच करून टाकायचं. ऐकायला समानतेची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात ज्यांच्यावर हे लादलं गेलं, त्यांची सामायिक जमीन आणि स्वतःचं सरकार दोन्ही गेलं. त्या यादीत फ्लोरिडाच्या सेमिनोलांचंही नाव होतं. जमातीतल्या जाणत्यांनी विरोध केला, वॉशिंग्टनपर्यंत बाजू मांडली, आणि १९५७ मध्ये स्वतःची राज्यघटना मंजूर करून ‘सेमिनोल ट्राइब ऑफ फ्लोरिडा’ हे सरकार स्थापन केलं. ज्या ओकच्या झाडाखाली या बैठका भरत, ते हॉलिवूडच्या राखीव प्रदेशात होतं. दहाच वर्षांनी, १९६७ मध्ये, बेट्टी मे जम्पर ही बाई निवडून येऊन या सरकारची अध्यक्ष झाली. जमातीत हायस्कूल पूर्ण करणाऱ्या पहिल्यांपैकी ती एक, पेशाने परिचारिका.

ब्राझीलमध्येही असाच डाव टाकला गेला होता. १९७८ मध्ये तिथल्या लष्करी सरकारने आदिवासींना पालकत्वातून ‘मुक्त’ करण्याचा मसुदा आणला. मुक्त झालेला आदिवासी साधा नागरिक ठरणार, मग त्याच्या समाजाच्या राखीव जमिनीला कारणच उरणार नव्हतं. मोठा विरोध झाला आणि मसुदा मागे पडला.

१९७९ च्या डिसेंबरात सेमिनोलांनी हॉलिवूडमध्ये बिंगो खेळण्याचं मोठं सभागृह उघडलं. बिंगो म्हणजे आपल्याकडच्या हौजीचा भाऊ. फ्लोरिडात धर्मादाय संस्थांना बिंगो चालवता येत असे, पण आठवड्यातून दोनच दिवस, आणि बक्षीस फार तर शंभर डॉलर. सेमिनोलांनी दोन्ही मर्यादा धुडकावल्या. स्थानिक शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, रॉबर्ट बटरवर्थ यांनी अटकेची भाषा केली, जमात केंद्रीय न्यायालयात गेली.

न्यायालयापुढचा प्रश्न बारीक होता. गुन्हेगारी कायद्यांच्या बाबतीत संसदेने काही राज्यांना राखीव प्रदेशात हात घालायची मुभा दिली होती आणि फ्लोरिडाने १९६१ मध्ये ती घेतलीही होती. मग बिंगोचा नियम हा गुन्हेगारी कायदा आहे का? १९८१ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं, नाही. एखादी गोष्ट राज्याने सरसकट बंद केली असती तर गोष्ट वेगळी. इथे राज्य बिंगोला परवानगी देतं आणि फक्त दिवस आणि बक्षीस यांवर नियम लावतं. नियम लावण्याचा राज्याचा अधिकार राखीव प्रदेशाच्या सीमेवर थांबतो. जमात जिंकली.

पुढचं सगळं या निकालावर उभं आहे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात हाच तर्क धरला, १९८८ मध्ये संसदेने आदिवासी जुगारासाठी स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्यानुसार कमाई आधी जमातीचं सरकार, लोककल्याण, आर्थिक विकास अशा कामांवर खर्चावी लागते आणि माणशी वाटप करायचं तर त्याची मंजूर योजना लागते. मोठ्या खेळांसाठी राज्याशी करारही करावा लागतो. सेमिनोलांनी २०२१ मध्ये फ्लोरिडाशी केलेल्या करारात पहिल्या पाच वर्षांत किमान २५० कोटी डॉलर राज्याला द्यायचं मान्य केलं आहे. एकेकाळी ज्या फ्लोरिडातून त्यांना हाकललं गेलं, तिथलं सरकार आज त्यांच्यासमोर बसून वाटाघाटी करतं. मला या सगळ्या कथेत ही गोष्ट हॉटेलापेक्षा मोठी वाटते.

एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. अमेरिकेत केंद्राने मान्य केलेल्या जमाती सुमारे ५७५ आहेत आणि त्यांतल्या बहुतेक अशा श्रीमंत नाहीत. साउथ डकोटातल्या पाइन रिजसारख्या राखीव प्रदेशांत आजही दारुण गरिबी आहे. अधिकार तोच, पण शेजारी मायामी नाही. अधिकार आणि मोक्याची जागा, दोन्ही जमून आल्यावरच हे घडलं.

ब्राझीलमध्ये जमीन मिळाली, तिचा कारभार नाही

आकड्यांवरून पाहिलं तर ब्राझीलचे आदिवासी सेमिनोलांपेक्षा कितीतरी मोठे जमीनधारक आहेत. आदिवासींसाठी राखलेली जमीन देशाच्या क्षेत्रफळाच्या १३–१४ टक्के आहे, त्यातली बहुतेक ॲमेझॉन भागात. एकट्या यानोमामी जमातीचा प्रदेश सुमारे ९६ लाख हेक्टर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढा. सेमिनोलांची राखीव जमीन सगळी मिळून सुमारे ९० हजार एकर, म्हणजे ३६ हजार हेक्टरच्या आसपास. तरीही जानेवारी २०२३ मध्ये यानोमामी प्रदेशात सरकारला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. मुलं भुकेने आणि मलेरियाने मरत होती.

याचं कारण १९८८ च्या ब्राझिलियन राज्यघटनेत सापडतं, आणि ती राज्यघटना त्या काळी खरोखरच पुढारलेली होती. तिच्या २३१ व्या कलमाने आदिवासींना त्यांच्या परंपरागत जमिनीचा कायमचा ताबा आणि तिथल्या माती-पाणी-जंगलाचा एकट्याने उपभोग घ्यायचा हक्क दिला. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर मालक म्हणून केंद्र सरकारचं नाव, कायमची वहिवाट आदिवासींची. अमेरिकेतही राखीव जमीन केंद्र सरकार विश्वस्त म्हणून धरून असतं, म्हणजे उताऱ्यावर तिथेही सरकारच. फरक पुढे आहे. ब्राझीलमध्ये जमिनीखालची खनिजं केंद्राची आहेत आणि ती काढायची तर संसदेची परवानगी लागते. जमातीला स्वतःचं सरकार, कर, पोलीस, न्यायालय यांचा कुठलाही मान्य दर्जा नाही. अमेरिकेने जमातींना हरवलेली का होईना, पण राष्ट्रं मानलं. ब्राझीलने १९७३ च्या आदिवासी कायद्यातही आदिवासी माणसाला अज्ञान पोरासारखं पालकाच्या हाती ठेवलं. १९८८ ने ते संपवलं, आदिवासी समाजांना स्वतः न्यायालयात जायचा हक्क दिला, पण राज्यकारभाराचा हक्क दिला नाही.

म्हणून यानोमामींच्या जमिनीत सोनं निघतं तेव्हा त्यांना ते काढायचा अधिकार नसतो आणि चोरून काढणाऱ्यांना हाकलायचं बळही नसतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे सुमारे ४० हजार सोनं शोधणारे घुसले होते. १९९२ मध्ये प्रदेश अधिकृत झाला. २०१९ नंतर पुन्हा हजारोंनी लोक घुसले. सोनं वेगळं करायला वापरलेला पारा नद्यांत उतरतो, नदीतून माशांत आणि माशांतून माणसांत. घुसखोरांना बाहेर काढायचं की नाही, हे राजधानी ब्राझीलियात कुठलं सरकार बसलं आहे त्यावर ठरतं.

दक्षिणेकडे मातो ग्रोसो दो सूल राज्यात तर जमीनही नाही. ग्वारानी-कायोवा लोकांची जुनी गावं आज सोयाबीन आणि उसाखाली आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने त्यांना आठ छोट्या राखीव तुकड्यांत कोंबलं. त्यांतल्या दोउरादोसच्या तुकड्यात सुमारे साडेतीन हजार हेक्टरांवर आज तेरा हजारांहून जास्त लोक राहतात. शेती करायला जागा नाही, पाण्याची टंचाई कायमची, आणि तरुणांच्या आत्महत्यांचं प्रमाण काळीज चिरणारं. काही कुटुंबं हमरस्त्याच्या कडेला, समोरच्या शेतात आपल्या पूर्वजांच्या कबरी आहेत म्हणून, प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं तळ ठोकून आहेत.

किलोम्बोलांची गोष्ट तिसरीच. ब्राझीलने १८५० मध्ये कायदा केला की सरकारी जमीन यापुढे विकत घेऊनच मिळेल. १३ मे १८८८ रोजी गुलामगिरी संपली तेव्हा मुक्त झालेल्यांच्या हातात ना पैसा होता ना जमीन. ते जिथे राहत होते तिथेच कागदाविना राहत गेले. शंभर वर्षांनी, १९८८ च्या राज्यघटनेच्या एका संक्रमणकालीन कलमात, ६८ व्या, लिहिलं गेलं की किलोम्बो वस्त्यांनी राखलेल्या जमिनीची पक्की मालकी त्यांची आहे आणि राज्याने तसे दाखले द्यावेत. इथे शब्द मालकीचा आहे, वहिवाटीचा नाही. पण पहिला दाखला मिळाला १९९५ मध्ये, पारा राज्यातल्या बोआ व्हिस्ता या वस्तीला. आधी समाजाने स्वतःला किलोम्बोला म्हणवून नोंद करायची, मग भूसुधारणा खात्याने मानववंशशास्त्रीय अहवाल करायचा, हद्दी आखायच्या, हरकती ऐकायच्या, मध्ये खासगी मालक निघाले तर राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने त्यांची जमीन घेऊन भरपाई द्यायची, आणि मग दाखला. यात पिढी जाते. २०२२ मध्ये ब्राझीलने पहिल्यांदाच किलोम्बोलांची वेगळी गणती केली: १३,२७,८०२ माणसं. त्यांतली दाखला मिळालेल्या जमिनीवर राहणारी फक्त ४.३ टक्के.

अल्कांतारातून उठवलेली माणसं

अल्कांताराकडे जरा जवळून पाहू. इथले लोक किनाऱ्यावर राहत. मासे, खेकडे, कसावा या कंदाची शेती, बाबासू नावाच्या ताडाची फळं असं मिळून घर चाले. जमीन एकेकाची नव्हती. या गावची शेती, त्या गावची खाडी, पलीकडच्यांचं जंगल, असं आपसांत ठरलेलं. १९८० मध्ये राज्य सरकारने ५२ हजार हेक्टर जमीन रॉकेट तळासाठी घेतली. १९८६ पासून कुटुंबं हलवायला सुरुवात झाली. आखीव रस्ते आणि एकसारखी घरं असलेल्या सात नव्या वसाहती बांधल्या, प्रत्येक कुटुंबाला १५ हेक्टरचा तुकडा दिला. त्या भागात शेतकऱ्याच्या कुटुंबाला किमान ३५ हेक्टर लागतात असा सरकारचाच नियम होता, तो यांच्यासाठी खाली आणला गेला.

नवी घरं समुद्रापासून लांब. मासे धरायला जायचं तर मैलोन्मैल चालायचं आणि तळाच्या हद्दीतून जायची मुभा मिळाली तर जायचं. ज्याच्या वाट्याला आलेली जमीन बरड, त्याला कसाव्याची जागा बदलायचीही सोय राहिली नाही, कारण आता प्रत्येकाचा तुकडा ठरलेला. मुलांची लग्नं झाली तरी त्यांना घर बांधायला जागा नाही. माणसं शेजारच्या साओ लुईस शहरात मजुरीला गेली. कुणीही त्यांना विचारलं नव्हतं. विचारणं बंधनकारक करणारा आंतरराष्ट्रीय करार, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १६९ क्रमांकाचा, ब्राझीलने स्वीकारला तोही २००२ मध्ये.

२००८ मध्ये भूसुधारणा खात्यानेच अहवाल दिला की ७८ हजार हेक्टरांहून जास्त जमीन किलोम्बोलांची आहे. त्यावर सोळा वर्षं काही हललं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने समाजाशी करार करून ती जमीन मान्य केली आणि तळाची वाढ थांबवायचं कबूल केलं. २०२५ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने ब्राझीलला दोषी धरलं.

घरात काय येतं

सेमिनोल सभासदाला कॅसिनो आणि इतर धंद्यांच्या नफ्यातून ठरावीक हिस्सा मिळतो. अमेरिकन माध्यमांनी २०१६ च्या सुमारास छापलेला अंदाज माणशी वर्षाला एक लाख डॉलरच्या वर होता. लहान मुलांचा हिस्सा विश्वस्त निधीत साठतो. उच्च शिक्षणाचा खर्च जमात उचलते, स्वतःचे दवाखाने, पोलीस, अग्निशमन दल आहे. पण मधुमेहासारखे आजार पैशाने गेलेले नाहीत, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठी रक्कम हाती आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला सांभाळणं हा घराघरातला प्रश्न आहे.

ब्राझीलच्या गावांत रोख पैसा येतो तो बहुतांशी तीन वाटांनी: शिक्षक किंवा आरोग्य कार्यकर्त्याची सरकारी नोकरी, ‘बोल्सा फामिलिया’ हे गरीब कुटुंबांना मिळणारं मासिक साहाय्य, आणि ग्रामीण पेन्शन. या तिसऱ्याबद्दल फार कमी बोललं जातं. शेतात, जंगलात, पाण्यावर राबलेल्या बाईला ५५ आणि पुरुषाला ६० व्या वर्षापासून, हप्ते भरलेले नसले तरी, देशाच्या किमान वेतनाइतकी पेन्शन मिळते. २०२५ मध्ये ती महिना १,५१८ रेआल होती, आपल्या हिशोबाने तेवीस-चोवीस हजार रुपयांच्या आसपास. कितीतरी आदिवासी आणि किलोम्बोला घरांत आजीच्या पेन्शनवर नातवंडांची शाळा चालते. उपचार सर्वांना फुकट, आदिवासींसाठी ३४ खास आरोग्य विभाग आहेत, मात्र डॉक्टर टिकत नाहीत आणि होडीला डिझेल नसतं. २०२२ च्या जनगणनेत १५ वर्षांवरच्या किलोम्बोलांपैकी १९ टक्के आणि आदिवासींपैकी १५ टक्के निरक्षर होते. देशाचं प्रमाण ७ टक्के.

भाषेच्या बाबतीत पारडं फिरतं. सेमिनोलांच्या मिकासुकी आणि क्रीक या दोन भाषा बोलणारे वयस्क लोक झपाट्याने कमी होत आहेत, तरुण पिढी इंग्रजीत वाढली. जमातीने २००७ मध्ये ब्रायटनला क्रीक शिकवणारी स्वतःची शाळा काढली, खर्चाला हात आखडला नाही, तरी घरातून गेलेली भाषा वर्गात आणणं फार अवघड जातं. यानोमामी आणि ग्वारानी-कायोवा मुलं मात्र आजही आपल्या भाषेत भांडतात, खेळतात. किलोम्बोला पोर्तुगीज बोलतात; त्यांची ओळख भाषेत नाही, जमिनीत आणि नात्यांत आहे. म्हणून तर जमीन गेली की त्यांचं जवळजवळ सगळंच जातं.

आपलं कोण, हे कोण ठरवतं

सेमिनोलांच्या यशाला एक दुखरी बाजू आहे. फ्लोरिडाच्या जमातीत सभासद व्हायचं तर १९५७ च्या यादीतल्या कुणाचा तरी वंशज असावं लागतं आणि अंगात किमान पाव हिस्सा सेमिनोल रक्त असल्याची नोंद लागते. ज्यांच्या पणजोबांनी ओसिओलाबरोबर बंदुका उचलल्या, त्या ब्लॅक सेमिनोलांच्या वंशजांपैकी बहुतेक या मोजमापात बसत नाहीत. त्यांतले काही १८५० च्या सुमारास जॉन हॉर्स या नेत्यामागून मेक्सिकोत गेले; कोआहुइला राज्यात त्यांचं गाव अजून आहे. ओक्लाहोमात १८६६ च्या तहाने त्यांना सेमिनोल राष्ट्राचे सभासद मानलं, पण फ्लोरिडाच्या गमावलेल्या जमिनीपोटी मिळालेल्या भरपाईत त्यांना सामावून घेतलं गेलं नाही. २००० मध्ये तिथल्या जमातीने मतदान करून त्यांना बाहेरही काढलं होतं. केंद्राने ते मान्य केलं नाही, तेव्हा त्यांना परत घेण्यात आलं.

जमातीचं म्हणणंही समजून घ्यायला हवं: आपलं कोण हे ठरवणं हा सरकार असण्याचाच भाग आहे. तरी मला वाटतं, इथे ब्राझीलची वाट अधिक न्याय्य आहे. २००३ च्या आदेशानुसार समाज स्वतःला किलोम्बोला म्हणवतो, इथूनच प्रक्रिया सुरू होते. रक्ताचा हिशोब कुणी मागत नाही. एका राजकीय पक्षाने या आदेशाला आव्हान दिलं होतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश कायम ठेवला.

मग ब्राझीलमध्ये काय होऊ शकतं

कॅसिनोचा रस्ता तिथे बंदच आहे. ब्राझीलने १९४६ पासून कॅसिनोंवर बंदी घातली आहे. शिवाय ‘सरसकट बंदी’ आणि ‘नियम लावून परवानगी’ या ज्या फटीतून सेमिनोल शिरले, ती फट ज्या समाजाला स्वतःचं सरकार मान्य आहे त्यालाच उपयोगी पडते.

छोट्या प्रमाणावर काही घडतं आहे. गोयास राज्यात कालुंगा हा देशातला सर्वांत मोठा किलोम्बो प्रदेश आहे, सुमारे २ लाख ६२ हजार हेक्टर. तिथले सांता बार्बराचे निळेशार धबधबे पाहायला येणाऱ्यांकडून समाज प्रवेशशुल्क घेतो आणि गावातलाच वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. पैसा गावात राहतो, गर्दी किती होऊ द्यायची हेही गाव ठरवतं. साओ पाउलो राज्यात इव्हापोरुंदुवा या किलोम्बोचे लोक सेंद्रिय केळी विकतात. रोन्दोनियातल्या पाइतेर सुरुई आदिवासींनी जंगल राखून हवेत जाऊ न दिलेल्या कार्बनचे पैसे मिळवून दाखवले, २०१३ मध्ये त्यांची पहिली मोठी विक्री झाली. पण सोनं आणि हिरे शोधणारे जंगलात घुसले, झाडं पडली आणि काही वर्षांत तो प्रकल्प थांबला. पहारा ठेवायचा अधिकार आणि साधनं हाती नसली की उत्तम कल्पनासुद्धा टिकत नाही.

मोठा झगडा सध्या तारखेवरून चालू आहे. शेतमालकांच्या बाजूचं म्हणणं असं की ५ ऑक्टोबर १९८८ ला, म्हणजे राज्यघटना लागू झाली त्या दिवशी, जे आदिवासी जमिनीवर प्रत्यक्ष होते किंवा तिच्यासाठी भांडत होते, त्यांनाच ती मिळावी. त्याआधीच बंदुकीच्या धाकाने हाकलल्या गेलेल्यांचं काय, याला त्यात उत्तर नाही. सांता कातारिना राज्यातल्या शोक्लेंग आदिवासींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये हे म्हणणं फेटाळलं. तीन महिन्यांत संसदेने राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार ओलांडून तेच म्हणणं कायद्यात घातलं आणि प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं. त्याच वर्षी, २०२३ मध्ये, ब्राझीलला पहिलं आदिवासी मंत्रालय मिळालं. त्याच्या मंत्री झाल्या स्वतः आदिवासी असलेल्या सोनिया ग्वाजाजारा, आणि आदिवासी कारभार पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या प्रमुखपदी आल्या जोएनिया वापिशाना. त्या संस्थेची जुनी मूळ शाखा १९१० ची; तिच्या प्रमुखपदी आदिवासी बाई बसायला एकशे तेरा वर्षं लागली.